केरबानं कॉम्प्युटर चालू केला

पुक, पुक, पुक. गिरणीचं इंजिन सुरू होताना असं वाजतं, हे केरबानं लहानपणी ऐकून ठेवलं होतं. एका गावातला भोळा बाप तो. घरातला कॉम्प्युटर पीं, पीं, पीं वाजला तेव्हा त्याला बरंच वाटलं. पडदा मात्र काळाच राहिला.

मुलगी सुगंधा नर्सिंगचा फॉर्म भरणार होती. शेवटचा दिवस, वेळ पाचपर्यंत. दाखले सगळे त्या कॉम्प्युटरमध्ये. एक दाखला राहिला होता, तो आणायला ती ग्रामपंचायतीत गेली. जाताना सांगून गेली, आबा, तेवढा चालू करून ठेवा.

केरबानं तालुक्याच्या, कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या इम्तियाज मेस्त्रीला फोन लावला. तो म्हणाला, वायर काढा, दहा मिनिटांनी परत लावा. केरबानं घरातली एकूण एक वायर काढली. बायकोची चटणी मिक्सरात अर्धीच राहिली.

"काका, एकच काढायची असते," इम्तियाज म्हणाला.

केरबानं हे मनात पक्कं केलं.

मग इम्तियाजनं कॉम्प्युटरच्या डब्याचे चार स्क्रू काढून आतली धूळ ब्रशनं झाडायला सांगितली. केरबानं एकच स्क्रू काढला. झाकण उघडेना, म्हणून त्या भोकातून फुंकर मारली.

"काका, काढायचं तर सगळं काढायचं."

हेही पक्कं केलं.

मग इम्तियाज म्हणाला, आतली एक पट्टी काढा, तिची सोनेरी कड खोडरबरानं घासा. केरबानं पट्टी काढली, पंखा काढला, हाताला लागलं ते काढलं आणि जेवणाच्या ताटात मांडलं. इम्तियाजनं कपाळावर हात मारला, तो फोनमधूनही ऐकू आला. तासभर एकेक वस्तू जागेवर गेली. कड घासली. पीं एकदाच वाजलं आणि पडदा उजळला.

"बघा काका," दमलेला इम्तियाज म्हणाला, "अडलं होतं, घासलं, सुटलं." आणि तो जेवायला गेला.

हे तर केरबानं फारच पक्कं केलं.

आता कॉम्प्युटर पासवर्ड मागू लागला. केरबानं सुगंधाला फोन करून विचारलं. ती म्हणाली, कॅलेंडरच्या कोपऱ्यात पेन्सिलनं लिहिलाय, चौदा अक्षरं आहेत, बघून घाला. मामानं घातलेला पासवर्ड, आणि मामा बोटीवर नोकरीला, त्याचा फोन महिनामहिना लागत नाही.

केरबानं एका बोटानं चौदा अक्षरं घातली. चुकीचा, असं आलं. परत घातली. परत चुकीचा. इम्तियाज फोन उचलेना. केरबानं क्षणभर विचार केला आणि खोडरबर उचललं.

साडेतीनला सुगंधा आली. उजळलेला पडदा बघून हसली, मग कॅलेंडरकडे वळली.

"पासवर्ड अडला होता, पोरी," केरबा मायेनं म्हणाला. "चांगला घासलाय. कागदाला भोकसुद्धा पडू दिलं नाही. आता घालून बघ."

सुगंधानं त्या स्वच्छ कोपऱ्यावरून बोट फिरवलं. घड्याळ पाहिलं. पायात चपला सरकवल्या आणि तालुक्याहून इम्तियाजला आणायला एस्टी स्टँडच्या वाटेला लागली.