वाक्यांची सोयरीक

फार फार वर्षांपूर्वी, नद्यांवर पूल नव्हते आणि माणसांना घाई नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी पुढे बसावं, मोठ्यांनी मागे. गोष्ट दोघांचीही आहे, आणि खरं सांगायचं तर मोठ्यांची जरा जास्तच.

एक मोठी नदी होती. तिच्या ऐलतीराला एक लहानसं गाव होतं आणि पैलतीराला एका राणीचं राज्य. नदी एकच, पण भाषा दोन. ऐलतीरच्या माणसांना पैलतीरची भाषा बाजारापुरती यायची. ‘दही ताजे आहे.’ ‘गाडगे फुटके नाही.’ ‘उद्या या.’ तेवढ्यावर त्यांचं छान चाललं होतं. बाजारात गाडगं हातातच असतं, ते वाजवून दाखवलं की निम्मं बोलणं झालंच.

त्या गावात हौसा नावाची एक तरुण बाई राहायची. ती, तिची म्हैस आणि म्हशीचं महिन्याभराचं रेडकू, एवढाच तिचा संसार. म्हशीच्या कपाळावर पांढरा ठिपका होता, म्हणून तिचं नाव चांदी. हौसा भारी बोलकी. धार काढताना ती चांदीला गावभरच्या गोष्टी सांगायची, आणि गोष्ट रंगात आल्याशिवाय चांदीही पान्हा सोडायची नाही. पण हीच हौसा पैलतीरच्या बाजारात गेली की तोंडाला कुलूप. दही विकायची ते हातवारे करून.

एका वर्षी नदीला महापूर आला. पहाटेच गोठ्यांत पाणी शिरलं. खुंट्याला बांधलेल्या म्हशी बुडायला लागल्या, तशी गावकऱ्यांनी भराभर दावी सोडली. हौसानं रेडकू उचलून माळ्यावर ठेवलं आणि चांदीला मोकळं केलं. म्हशीच त्या, पाण्याला काय भितात! पोहत पोहत निघाल्या आणि थेट पैलतीराला लागल्या. तिथे राणीचा ऊस उभा होता, हिरवागार आणि कोवळा. पुढचं मी सांगायला नको.

राणीच्या शिपायांनी सगळ्या म्हशी धरून कोंडवाड्यात घातल्या.

पूर ओसरल्यावर गावकरी नावेत बसून दरबारात गेले, त्यांत हौसाही होती. तिथला कायदा सरळ होता. ज्याचं जनावर त्यानंच बोलायचं, आणि बोलायचं ते राणीच्या भाषेत. पाटलांचीही म्हैस आत होती, शिवाय ते पाटील होते. ते पुढे झाले, घसा खाकरला आणि बाजारातली भाषा एकेक करून मांडली.

“पाणी आले. आम्ही दावी सोडली. म्हशी पोहल्या. ऊस गोड आहे. म्हशी द्या.”

राणी मनानं वाईट नव्हती. पण ऊस तिचा गेला होता, आणि ज्याचं जातं त्याला सगळीकडे चोरच दिसतात. ती म्हणाली, “म्हणजे पाणी आल्याची संधी साधून तुम्ही मुद्दाम दावी सोडलीत, कारण आमचा ऊस गोड आहे हे तुम्हाला ठाऊक होते. आणि वर आमच्याकडेच म्हशी मागता?”

एवढं लांब वाक्य पाटलांच्या डोक्यावरून गेलं. राणीसाहेब इतकं बोलल्या म्हणजे प्रसन्नच झाल्या असणार, असं समजून त्यांनी जोरात मान हलवली. “होय! होय!”

झालं! आता राणीनं तरी काय करावं? “पुढच्या बाजाराच्या दिवशी शेवटचे ऐकेन,” ती म्हणाली. “तोवर निराळे काही सांगता आले नाही, तर म्हशी आमच्या.”

शिपायांनी खुणा करून राणीचं म्हणणं समजावलं, आणि गावकरी हात हलवत परत आले. इकडे हौसाचं रेडकू उपाशी. शेजारणीनं शेळीचं दूध दिलं. हौसानं ते बोळ्यानं पाजायला घेतलं, तर रेडकू एक घोट घ्यायचं आणि मान नदीकडे फिरवायचं. पैलतीरावरून चांदी रेकायची, ऐलतीरावरून रेडकू उत्तर द्यायचं. त्या दोघांची भाषा एकच होती, तरी मध्ये नदी होतीच. बाजाराला आठ दिवस होते, तोवर रेडकाच्या बरगड्या दिसायला लागतील हे हौसाला कळत होतं.

ती उठली आणि पैलकाकूकडे गेली.

पैलकाकू म्हणजे पैलतीराहून लग्न होऊन आलेली म्हातारी. तिला दोन्ही भाषा यायच्या, आणि दोन्ही तीरांवरची लग्नं जमवण्यात तिचा जन्म गेला होता. तिनं जमवलेलं एकही लग्न मोडलं नाही, असं सगळे म्हणायचे. निदान ती तरी म्हणायची.

“काकू, मला त्यांची भाषा शिकवा,” हौसा म्हणाली. “शब्द हायती माझ्यापाशी. पर बोलाया गेलं की नुसतं तुकडं तुकडं पडत्यात.”

काकूनं सुपारी कातरता कातरता तिच्याकडे पाहिलं. “शब्द हायती, वाक्यं बी हायती. न्हाई तो मधला माणूस.”

“कसला मधला माणूस?”

“अगं, मी जलमभर काय केलं? इकडं एक पोरगा, तिकडं एक पोरगी. दोघं बी गुणाची. पर मधी बोलणारं कुणी नसंल तर ती आपली दोन घरं, दोन गावं. सोयरीक व्हायची तर मधला माणूस लागतोच. वाक्यांचं बी तसंच हाय.” तिनं अडकित्ता बाजूला ठेवला. “ऐक. सासू आली. सून हसली. आता सांग, काय चाललंय या घरात?”

“काय म्हाईत! दोन बाया हायती, एवढंच कळलं.”

“बरं. सासू आली म्हणून सून हसली.”

“गुणाची सून हाय!”

“सासू आली तरी सून हसली.”

हौसा फिस्सकन हसली. “सासू खाष्ट दिसतीया.”

“सासू येईपर्यंत सून हसली.”

“अगं बाई! मग फुडं काय झालं?”

“बघ!” काकू म्हणाली. “सासू तीच, सून तीच, हसणं बी तेच. घर मातुर दर खेपेला निराळं. आणि मधला माणूस आपण घातलाच न्हाई, तर ऐकणारा गप बसत न्हाई हां. तो आपल्या घरातली सासू आणून घालतो.”

हौसाच्या डोळ्यांपुढे दरबार उभा राहिला. पाटलांनी वाक्यं सुटी ठेवली होती आणि राणीनं मधल्या जागा आपल्या रागानं भरल्या होत्या. “काकू,” ती हळूच म्हणाली, “आमचं घर राणीनं सजवलं म्हणायचं!”

दुसऱ्या दिवसापासून काकूच्या ओट्यावर शाळा भरली. हौसा यायची. भिवा नावाचा एक उत्साही गडी यायचा, त्याचीही म्हैस कोंडवाड्यात होती. पाटील सहज तिकडून चालले होते असं दाखवत रोज तिकडूनच जायचे, आणि गेल्यावर खांबाआड थांबायचे.

हौसानं पहिलं लग्न लावलं ते असं. “पाणी आले तरी आम्ही दावी सोडली.”

“म्हंजी बुडायला सोडलीत व्हय?” काकू कडाडली. “कुणाची गाठ कुणाशी घातलीस! सोड ती, दुसरा मध्यस्थ बघ.”

“पाणी आले... म्हणून आम्ही दावी सोडली.”

“आता कसं!”

भिवाला मात्र ‘आणि’ फार आवडला. स्वस्त, मस्त, कुठेही बसतो. “पाणी आले आणि दावी सोडली आणि म्हशी गेल्या आणि ऊस खाल्ला आणि आम्ही रडलो.” काकूनं त्याला परोपरीनं सांगितलं की बाबा, ‘आणि’ हा गरीब मध्यस्थ. तो दोघांना एका बोहल्यावर उभं करतो, पण त्यांचं नातं काय ते काही सांगत नाही. भिवानं मान डोलावली आणि म्हणाला, “कळलं आणि पटलं आणि आता येतो.”

हौसाची चूक उलटी. तिला ‘म्हणून’ आला, ‘जेव्हा-तेव्हा’ आलं, ‘जरी-तरी’ आलं, ‘नसते तर’ आलं, आणि मग ही बाई काही थांबेना. मुळातच बोलकी ती! एके दिवशी तिनं पुराची सगळी हकिगत एकाच वाक्यात कोंबली. वाक्य संपेपर्यंत काकूची सुपारी कातरून झाली, पान लावून झालं, खाऊनही झालं.

“हौसे, श्वास घे,” काकू म्हणाली. “सगळ्यांचीच लगीनं लावायची नसत्यात. एखादं वाक्य एकटंच शोभतं. सांग बरं, या सगळ्यात तुला खुपतंय काय?”

नदीकडून चांदीचं रेकणं ऐकू आलं. “घरी रेडकू उपाशी हाय,” हौसा म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

“मग ते एकटं उभं कर. त्याला सोबत नको.”

बाजाराचा दिवस उजाडला. दरबार भरला. भिवा म्हणाला, मी आधी बोलतो, आणि बोलायला लागलाही. पाणी आले आणि, म्हशी गेल्या आणि, नाव मिळाली आणि... राणीनं एक जांभई दाबली, दुसरी दाबली नाही. प्रधानाची पगडी पेंगता पेंगता पुढे सरकली. भिवा थांबला तेव्हा कोणाला काही कळलं नव्हतं, फक्त तो दमला होता.

मग हौसा उठली. कोंडवाडा जवळच होता, आणि तिथून ओळखीचं रेकणं ऐकू आलं तशी तिनं मान वर केली.

“राणीसाहेब, पहाटे गोठ्यात पाणी शिरले, तेव्हा म्हशी खुंट्याला बांधलेल्या होत्या. दावी सोडली नसती, तर त्या जागच्या जागी बुडाल्या असत्या. त्या जगाव्यात म्हणून आम्ही त्यांना सोडले. पुढे त्या कुठे गेल्या ते आम्ही पाहिलेही नाही, कारण आम्ही आमची लेकरे माळ्यावर चढवत होतो.”

राणी सावरून बसली. प्रधानानं पगडी मागे सारली.

“तुमचा ऊस मोडावा असे आमच्या मनात नव्हते. तरी तो मोडला, आणि मोडला तो आमच्याच म्हशींनी. म्हणून नवे बेणे लावायला आम्ही सगळे येऊ.”

इथे हौसा थांबली. काकू म्हणाली होती तसा तिनं श्वास घेतला.

“घरी रेडकू उपाशी आहे.”

कोंडवाड्यातून चांदी पुन्हा रेकली, आणि या वेळी तिचं बोलणं राणीलाही कळलं.

“बाई,” राणी म्हणाली, “हे सगळे मागच्या वेळी का सांगितले नाही?”

“सांगितले होते, राणीसाहेब,” हौसा म्हणाली. “पाणी आले, दावी सोडली, म्हशी पोहल्या. मधले शब्द तेवढे आमच्याकडे नव्हते. ते तुम्ही तुमचे घातले.”

पाटलांनी डोळे मिटून घेतले. राणीला असं तोंडावर कोणी बोलतं का! पण राणी खळखळून हसली. “खरे आहे,” ती म्हणाली. “शब्द तुमचे होते, संशय माझा होता. कोंडवाड्याचे दार उघडा!”

म्हशी सुटल्या. चांदी नावेची वाट पाहत थांबली नाही, तिनं सरळ पाण्यात उडी घेतली. हौसाची नाव मागे आणि म्हैस पुढे. ऐलतीरावर रेडकू लुटुलुटु पळत आलं आणि आईच्या कासेला असं बिलगलं की ढुशा देऊन देऊन त्यानं तिला हलवून सोडलं. हौसा तिथेच वाळूत बसली आणि चांदीला दरबारातली सगळी गोष्ट सांगितली, पहिल्यापासून, तिखटमीठ लावून. चांदीनं पान्हा सोडला.

ठरल्याप्रमाणे गावानं जाऊन राणीचा ऊस लावून दिला. तेव्हापासून राणीनंही एक नेम धरला. तुटक्या भाषेत बोलणारा कोणी समोर आला की न्याय देण्याआधी ती विचारायची, “बाबा, यातला मधला शब्द कोणता?” भिवा अजूनही ‘आणि’वरच आहे, पण त्याचं दही चांगलं असतं म्हणून लोक ऐकून घेतात. पाटील मात्र न कळलेल्या वाक्याला पुन्हा कधी मान हलवायला गेले नाहीत.

गोष्टीतून घरी न्यायचं ते एवढंच: आपल्या दोन वाक्यांमधला दुवा आपणच जोडावा, नाहीतर ऐकणारा तिथे आपल्या मनातला जोडतो.