दुखेनासे झालेले पाय

एकदा एक कापडव्यापारी तालमीच्या दारात येऊन उभा राहिला. सारा जन्म गादीवर बसून गेलेला. पोट पुढे, दम मागे. त्याच्या वृद्ध आईचे पाय गेले होते आणि डोंगरावरच्या देवीचे एकवार दर्शन घडावे, एवढीच तिची इच्छा उरली होती. डोलीत बसायला ती भीत असे.

“आईला पाठीवर घेऊन देवीचा डोंगर चढायचाय, वस्ताद,” तो म्हणाला.

वृद्ध वस्तादांनी त्याला बैठका शिकवल्या आणि रोज सकाळी आईला पाठीवर घेऊन अंगणात फिरवायला सांगितले.

सुरुवातीला मांड्या अशा भरून आल्या की पायरी उतरताना तो कण्हायचा आणि कण्हता कण्हता हसायचा. गिऱ्हाइकांनाही कौतुकाने सांगायचा. पुढे दुखणे थांबले आणि स्वारीचा चेहरा उतरला. व्यायाम वाया चालला असे वाटून त्याने गुपचूप बैठका दुप्पट केल्या. एरवी पैशापैशासाठी घासाघीस करणाऱ्या या माणसाने विकतचे दुखणे मात्र आनंदाने घेतले. दुसऱ्या सकाळी आईला घेऊन उठला आणि उंबऱ्यातच त्याचे पाय लटपटले. आईने घाबरून त्याचा गळा घट्ट धरला.

“राहू दे रे बाळा,” ती म्हणाली. “देवीला मी इथूनच हात जोडीन.”

त्याला रडू कोसळले.

हे कानावर येताच वस्ताद भेटीला आले. त्याने दुखरे पाय दाखवायला पुढे केले. पण त्यांनी तिकडे पाहिलेही नाही. ते आईच्या खाटेशी जाऊन बसले.

“माई, याची पाठ कशी आहे?”

“आधी अंगण गाठेस्तोवर भात्यासारखा धापा टाकायचा. हल्ली तर मला घेऊन गुणगुणत चालायचा. आज मात्र भीती वाटली हो.”

आपण गुणगुणत होतो, हे व्यापाऱ्याला ठाऊकच नव्हते.

वस्ताद त्याच्याकडे वळले. “अरे, नवी वहाण चावते. चावेनाशी झाली म्हणून कुणी टाकून देतं का? काम अनोळखी होतं तोवर पाय दुखले. ओळखीचं झालं, दुखणं गेलं, बळ राहिलं. ते वाढलं की नाही, हे मांडीला काय विचारतोस? जिच्यासाठी वाढवतोस, तिला विचार. आता चार दिवस विसावा घे. मग भार हळूहळू वाढव.”

त्याने तसेच केले. पुढे देवीच्या पायऱ्या अर्ध्या चढून झाल्यावर आईने त्याच्या कानाशी विचारले, “दुखतंय का रे?”

“नाही गं.”

“मला ठाऊक आहे,” आई म्हणाली. “गुणगुणतोयस.”