रत्नाकरची पक्की वही

“एक तरी पायरी चुकलेली दाखवा सर, पुस्तक छापणं रद्द करतो!”

रत्नाकर कुलथे असं बोलला तेव्हा मी सरांच्या ओसरीवर पेपर वाचत बसलो होतो. नववीला सरांच्या गणिताच्या वर्गात आम्ही दोघं एकाच बाकावर. तो पहिला यायचा, मी कसाबसा पास व्हायचो. आता तीन गावांत त्याचे गणिताचे क्लास आहेत, आणि तोरा तर विचारूच नका.

सोडवलेल्या गणितांचं त्याचं पुस्तक उद्या छापायला जाणार होतं. सरांची प्रस्तावना तेवढी हवी होती.

सरांनी पहिलंच पान उघडलं. क्ष वर्ग बरोबर पाच क्ष. पायरी एक, दोन्ही बाजूंना क्षने भागा. पायरी दोन, क्ष बरोबर पाच.

“क्षच्या जागी शून्य घालून बघ.”

“शून्य... बरोबर शून्य.”

“मग तेही उत्तरच की. गेलं कुठं?”

रत्नाकरचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानं घाईघाईनं पिशवीतून एक जुनी वही काढली.

“पण सर, हे तुम्हीच शिकवलंत! ही बघा माझी पक्की वही. एकतीस वर्षं जपलीय. शब्दन् शब्द तुमचा आहे.”

मी गारच पडलो. चूक? आणि आमच्या सरांची?

“चूक माझीच,” सर म्हणाले. “त्या दिवशी वर्गात कोण उभं राहिलं होतं?”

रत्नाकर वहीची पानं चाळू लागला.

मला आठवलं. “इंदू चौगुले! ‘सर, शून्य कुठं गेलं?’ म्हणाली. सगळे फिदीफिदी हसले. हा म्हणाला, ‘बस गं खाली, सरांना शिकवतेस?’”

हसणाऱ्यांत मीही होतो. लाज वाटली.

“मग मी काय केलं?” सरांनी विचारलं.

“फळा पुसलात. गणित नव्यानं सोडवलंत. आम्हाला म्हणालात, पहिलं खोडा, हे लिहा.”

सर रत्नाकरकडे वळले. “तू का खोडलं नाहीस रे?”

त्यानं वही छातीशी धरली होती.

“पक्क्या वहीत खाडाखोड... मला चालायची नाही, सर.”

“आणि क्लासमधल्या पोरांना?”

“ह्याच वहीच्या झेरॉक्स वाटतो... दरवर्षी.”

अरे देवा! वहीवर एक रेघ नको म्हणून? माझी पुतणी ह्याच्याच क्लासला जाते. माझ्या हातातला पेपर खाली पडला, तरी तो उचलायचं सुचेना.

सरांनी खिशातलं पेन काढून त्याच्यापुढे धरलं.

मग रत्नाकरनं वही उघडली. कशीबशी एक आडवी रेघ मारली.

“आणि... प्रस्तावना, सर?”

“इंदूकडून घे. बाजारात तिची पिठाची गिरणी आहे, सहापर्यंत उघडी असते.”