तिसऱ्यांदा ओतलेलं तेल

एकदा एका शिष्याला गुरूपेक्षा हातातला मोबाइल अधिक शहाणा वाटू लागला. गुरू म्हणजे घाटमाथ्यावरच्या गावातले एक वृद्ध मिस्त्री. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. त्यांच्या हाताखाली चार वर्षं काढून शिष्याने स्वतःची नवी पिकअप घेतली आणि रोज सकाळी बारा बायकांना घाटाखालच्या मळ्यांवर खुरपणीला नेऊ लागला.

एके दिवशी ब्रेकचा लाल दिवा पेटला. शिष्याने मोबाइलवर अर्धाच व्हिडिओ पाहिला, बॉनेटखालच्या डबीत ब्रेकचं तेल ओतलं, दिवा विझला. आठवड्याने पुन्हा पेटला, पुन्हा ओतलं. व्हिडिओ पाहून शिकू नये असं मी मुळीच म्हणणार नाही. अर्धा पाहून शहाणं होऊ नये, हे मात्र ठणकावून सांगेन.

तिसऱ्या खेपेला तो उस्तादांच्या दारात गाडी उभी करून ऐटीत म्हणाला, "ब्रेकचा दिवा पेटला की तेल ओततो, आज तिसऱ्यांदा ओतलं. घरच्या घरी काम झालं बघा. गॅरेजची पायरी चढायला नको!"

"वा! मग आमची लेक आज सासरी निघालीय. तिला आणि बाळाला खाली सोड."

मागे बायका बसलेल्याच होत्या. लेक तान्ह्या बाळासह शिष्याशेजारी बसली. उस्तादांनी दार लावलं.

"हं, काढ गाडी."

शिष्याचा हात किल्लीवर गेला आणि तिथेच राहिला. बाळाने जांभई दिली.

मागून एकीने हाक दिली, "काय हो पायलट, मुहूर्त बघताय का?"

"उस्ताद," तो पुटपुटला, "मंगळवारी घाटात तिसऱ्या वळणावर ब्रेक दाबला तर पाय पार तळाला टेकला. पुन्हा पुन्हा दाबला तेव्हा थांबली, कठड्याला चिकटून. मी कुणाला बोललो नाही."

"उतर खाली. चाकांना मी आधीच दगड लावलेत." उस्तादांचा आवाज शांत होता. "बंद डबीतलं तेल उन्हाने आटत नसतं, बाबा. कमी होतंय म्हणजे कुठेतरी जातंय. कुठे, ते तू शोधलं नाहीस; उत्तराला भ्यालास. भिण्यात पाप नाही. मी चाळीस वर्षं भीतभीतच ब्रेक उघडतो. पण माझं नातवंड शेजारी बसल्यावर तुझा हात किल्लीवर अडला. मागच्या बारा जणी कुणाच्या लेकी नव्हेत काय?"

उस्तादांनी त्याला मागच्या चाकाखाली वाकायला लावलं. चाकाच्या आतल्या बाजूला, ब्रेकच्या ड्रममधून, ओतलेलं तेल निथळत होतं.

शिष्य मागे गेला. "आज गाडी जाणार नाही, मावशी. ब्रेकमध्ये दोष आहे."

"आजच निघाला व्हय?" त्यांतल्या वयस्क बाईने विचारलं.

तो आधी 'हो' म्हणणार होता. "नाही," तो म्हणाला. "दोन आठवडे झाले."

एकेक करून बायका उतरल्या; शेवटची उतरली आणि तिथेच रस्त्यावर मटकन बसली. शिष्य तिच्यासाठी पाणी आणायला धावला.

दुसऱ्यांचा जीव ज्याच्या पायाखाली असतो त्याने जरूर भ्यावं, आणि भ्यालो हे त्यांना आधी सांगावं.