उघड्या डोईचे तळे

माकेवाडीच्या वरच्या अंगाला, भैरोबाच्या देवळामागे एक तळे आहे. त्याच्या काठाने माका दाट माजलेला असतो. पाने खरखरीत, फुले पांढरी आणि बटणाएवढी. तळ्यावर येणारा पुरुष टोपी काढून हातात घेतो, बाई डोक्यावरचा पदर खांद्यावर घेते. माका शेंड्याकडून बोटांनी खुडायचा, मूळ उपटायचे नाही. केस विरळ झालेली माणसे, बाया आणि पुरुष दोन्ही, आसपासच्या गावांहून इथे येतात. त्यांना ही रीत समजावून सांगण्याचे काम सध्या केरबा तात्या करतात. ते सांगतात ती हकिगत अशी.

फार मागे, एका पावसाळ्याच्या शेवटी गावात मोठा ताप आला म्हणे. माणसे वाचली, पण दोन-तीन महिन्यांनी केस जाऊ लागले. फणीत झुबके येत. मोठ्या तापानंतर असे होते, हे तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते. पुरुषांनी पागोटी घट्ट आवळली, बायांनी पदर कपाळापर्यंत ओढले, आणि हे आपल्या एकट्याचेच झाले आहे असे जो तो समजून बसला.

माक्याचा रस केसांना चांगला, एवढे मात्र सगळ्यांना माहीत होते. दुपारी गाव जेवून लवंडले की कोणी ना कोणी म्हैस धुवायच्या निमित्ताने तळ्यावर जाई. तिथे दुसरा दिसला, की उगाच म्हशीची पाठ घासत राही. माकेवाडीच्या म्हशी त्या साली जेवढ्या स्वच्छ होत्या तेवढ्या पुन्हा कधी झाल्या नाहीत, असे तात्या हसू न येऊ देता सांगतात. कोणी पाहील या धास्तीने खुडत बसायला वेळ नसे. माका मुळासकट उपटायचा आणि कमरेला खोचायचा. उरलेला म्हशींनी तुडवला. काठ उजाड झाले.

राणोजी पाटलांची थोरली सून भिवरा. तिचे केस सगळ्यांत जास्त गेले होते, आणि एकदा पाणवठ्यावर वाऱ्याने पदर उडाला तेव्हा ते चारचौघींनी पाहिले. तिची सासू गोदाक्का हादरली. सवाशिणीची डोई अशी होणे म्हणजे नवऱ्याच्या जिवाला धोका, अशी त्या काळची समजूत. त्यात तळेही उजाड झालेले. गुरवाने कौल लावला आणि सांगितले, की देवाचा कोप आहे आणि तो या बाईच्या पायाने आला आहे. भिवराला माहेरी धाडावे, परत आणू नये असे ठरले. तिचे अंगावर पिणारे पोर मात्र इथेच राहणार होते.

देवळापुढे गाव जमले. गाडी जुंपून उभी होती. गोदाक्काने पोर स्वतःकडे घेतले आणि ती म्हणाली, "जा बाई. तुझं-माझं वैर न्हाई. पर माझ्या लेकाच्या जिवाम्होरं मला दुसरं काय दिसत न्हाई."

भिवरा म्हणाली, "जाते, आत्याबाई. पर तळं माझ्यामुळं उजाड झालं न्हाई. म्या माका आणाय गेले तवा तिथं निस्ता चिखल व्हता."

पाटील इतका वेळ पायरीवर बसून होते. ते उठले आणि त्यांनी पागोटे सोडायला सुरुवात केली. पाटलाने गावासमोर पागोटे उतरवणे म्हणजे अब्रू खाली ठेवणे. शेवटचा पीळ सुटला तेव्हा लोकांनी पाहिले, डोक्यावर केस असून नसल्यासारखे, आणि सगळ्या टाळूवर माक्याचा रस वाळून काळा झालेला.

"ह्यो बघा कोप," पाटील म्हणाले. "माका म्या उपटलाय. सुनंला घालवायची तर आदी मला गाडीत बसवा."

गुरव पुढे आला. "पाटील, डोई झाका. देव बघतोय."

"गुरवा, तुझं बी मुंडासं सोड. तुझ्या कानामागं काळा वघळ आलाय, त्यो मला हितनं दिसतोय."

मागून कोणीतरी फिसकन हसले. गुरवाने कानामागे हात नेला आणि मुंडासे काढले. मग एकेक पागोटे उतरत गेले. बायांचे पदर मागे सरले. गोदाक्काने सगळ्यांत शेवटी डोई उघडी केली. तिने अंबाडा सोडला, तर त्यात निम्मे गंगावन, म्हणजे उसने केस होते. तिने पोर भिवराकडे दिले आणि गाडीचे बैल सोडायला सांगितले.

तिथेच पाटलांनी भैरोबाला शब्द दिला, असे सांगतात. "सुनंच्या डोईवर वेणी येईतो माझ्या डोईवर पागोटं येणार न्हाई." उन्हात, लग्नात, परगावच्या बैठकीतही ते बोडके गेले. गावाने ओढ्याकाठचा माका आणून तळ्यावर लावला. तो फुटला, तेव्हा गोदाक्काने अंगणात सगळ्यांदेखत तिळाच्या तेलात त्याचा रस घालून मंद जाळावर पाणी आटेपर्यंत कढवला. बाया-पुरुष एका ओळीत बसले आणि त्यांनी हलक्या हाताने तेल जिरवून घेतले.

पुढच्या दसऱ्याला भिवराची वेणी तिच्या खांद्याला टेकली. तिने स्वतः सासऱ्यांना पागोटे बांधले. बांधता बांधता म्हणाली, "मामंजी, तुमचं काय उगवलं न्हाई की."

"पागोटं बसाय केस कशाला लागत्यात," पाटील म्हणाले. "बांध."

तेलाने सगळ्यांचेच केस येतात, असे केरबा तात्या कधी म्हणत नाहीत. "लई दिवस गळती थांबंना, टाळूवर चट्टा पडला, तर डॉक्टरला दाखवा," ते येणाऱ्यांना सांगतात. "पर दाखवा. झाकून बसू नगा."

माकेवाडीत आजही नवी सून दारात आली की सासरा टोपी काढून उंबऱ्यावर बसतो. टक्कल असो, पिकलेले असोत, काळेभोर असोत, डोके खाली करतो. सून त्यावर ओंजळभर माक्याचे तेल घालते आणि आपल्या हाताने त्याला फेटा बांधते. मगच ती आत पाऊल टाकते. त्यानंतर त्या घरात तिला पदर सावर, असे कोणी म्हणत नाही.