खासनीस मास्तरांची खुर्ची

"...पण मग हे छापलं कुणी, उस्ताद?"

मुकुंदने पिवळं पडलेलं पुस्तक पुढ्यात ठेवलं. 

मिरजेतल्या एका शाळेचं सभागृह. संध्याकाळी मुकुंदचा पहिला जाहीर जादूचा खेळ. ज्यांनी त्याला ही विद्या शिकवली ते उस्ताद लालाभाई पडद्यामागे सतरंजीवर बसून पान लावत होते.

"काय छापलंय?"

"आपला सुपारीचा खेळ! तुम्ही मला शपथ घालून शिकवलेला. इथं चित्रासकट दिलाय. 'पाहुण्यांच्या करमणुकीसाठी, घरच्या घरी'!"

उस्तादांनी पानाला चुना लावला.

हे पुस्तक आलं कुठून, याच्या मुकुंद हात धुऊन मागे लागला होता. साहेब लोकांच्या दिवाणखान्यात जेवणानंतर असले खेळ चालायचे. त्यांची पुस्तकं निघाली. कुणीतरी ती मराठीत आणली, शिळाछापावर छापून जत्रेत विकली. दुसऱ्याने त्यावरून उतरवून घेतली, तिसऱ्याने दुसऱ्यावरून. चित्रातल्या साहेबाची टोपी जाऊन पगडी आली. कोट जाऊन उघड्या अंगावर उपरणं आलं. मजकुरात मात्र सुपारी अजून कोटाच्या बाहीतच लपवायची होती.

"उपरण्याला बाही कुठली, हे एकालाही सुचलं नाही," मुकुंद म्हणाला. एवढ्या भीतीतही आपली हुशारी दाखवल्याशिवाय त्याला राहवेना.

"म्हणजे कुणी करून बघितलं नाही," उस्ताद म्हणाले.

"पण वाचलंय ना! खासनीस मास्तरांकडे याचीच दुसरी प्रत आहे. गावभर सांगत सुटलेत. पहिल्या रांगेत पुस्तक उघडून बसणार आणि मी खेळ करताना ओळ न् ओळ मोठ्यानं वाचणार."

उस्तादांनी पानाचा विडा तोंडात टाकला.

"लोक हसतील, उस्ताद. तुमचंही नाव जाईल... आज सुपारी गाळू या का?"

"वाच," उस्ताद म्हणाले. "मोठ्यानं. मी करतो."

त्यांनी डब्यातली लहानशी सुपारी उचलली.

मुकुंद वाचू लागला. "'सुपारी उजव्या हातात धरावी. ती डाव्या हातात दिली असे भासवावे...'"

"चुकू नकोस. बोट ठेवून वाच."

मुकुंदने ओळीवर बोट ठेवलं. पान संपलं तेव्हा उस्तादांनीच पुढे वाकून ते उलटलं. मुकुंदचं बोट पुढच्या ओळीवर गेलं.

"'...व दोन्ही मुठी उघडून दाखवाव्यात.'"

त्याने वर पाहिलं. दोन्ही तळवे रिकामे होते. उस्तादांच्या अंगात बिनबाह्यांची बंडी होती.

त्याने सतरंजी चाचपली, डबा उपडा केला.

"कुठं गेली?"

उस्ताद पान चघळत राहिले.

मुकुंदने हताश होऊन पुस्तक मिटायला घेतलं. ते मिटेना. नुकत्याच उलटलेल्या पानाखाली सुपारी होती.

बाहेर शिपाई खुर्च्या मांडत होता. 

"मी वाचत होतो म्हणून फसलो, उस्ताद. मास्तरही फसतील. पण बाकीच्यांच्या हातात पुस्तक नसणार... ते माझ्याकडेच बघणार ना?"

"मास्तरांचा आवाज कसा आहे?"

"खणखणीत. मागच्या बाकावरचा झोपलेला पोरगासुद्धा दचकून उठायचा."

उस्ताद उठले. पडदा बाजूला सारून खाली उतरले. पहिल्या रांगेतली मास्तरांसाठी ठेवलेली हातांची खुर्ची त्यांनी उचलली, पायऱ्या चढून वर आणली आणि मुकुंदच्या टेबलाशेजारी, मंचाच्या ऐन मध्यावर मांडली.

 "उस्ताद, इथं...? माझ्या शेजारी?"

उस्तादांनी खुर्ची जराशी प्रेक्षकांकडे वळवली. धोतराच्या सोग्याने तिच्यावरची धूळ पुसली. मग वर बघत म्हणाले,

"तो मोठा दिवा इकडं वळव. मास्तरांना वाचताना त्रास नको."