तिसरा पुकारा

“म्हंजे अकरावा कोण, ते म्या सांगू?”

मकतूमबाबांनी मान वर केली नाही. पुढ्यात सावरीच्या कापसाचा ढीग होता. त्यातली एकेक बी काढून ते कापूस उशीच्या खोळीत भरत होते.

“तुम्हीच सांगा, बाबा. तुमच्या शब्दाला कोणी नाही म्हणणार नाही.”

बोलणारे होते अ‍ॅडव्होकेट विनायकराव खासनीस. तालुक्याच्या कोर्टाला साठ वर्षं होत होती. वकिलांच्या खोलीत संगमरवरी पाटी बसायची होती आणि तिच्यावर साठ वर्षांतल्या अकरा नामवंत वकिलांची नावं. निवड समितीचे अध्यक्ष खासनीस. दहा नावं ठरली होती. अकराव्याला घोडं पेंड खात होतं.

सगळे म्हणत होते, तुमचंच घाला. खासनीसांच्याही मनात तेच होतं, दुसरं काय असणार! पण स्वतःच्या लग्नात स्वतःच मंगलाष्टकं म्हणायची म्हणजे जरा अवघडच. ते कोणी दुसऱ्याने म्हणावं, आणि म्हणणारा असा असावा की त्याच्यापुढे सगळं कोर्ट गप्प बसेल. म्हणून ते नावेत बसून नदीपलीकडे आले होते. उद्या सकाळी कारागीर पाटीला छिन्नी लावणार होता.

मकतूमबाबा एकतीस वर्षं त्या कोर्टाच्या दारात उभे होते. लाल पट्ट्याचे शिपाई, पुकारा देणारे. एक दिवस पट्टा खुंटीला अडकवून ते इकडे आले आणि पीराच्या चौथऱ्यापाशी राहिले. पुढे लोकच त्यांना बाबा म्हणू लागले.

चैत्रातली दुपार होती. वारा नव्हता, तरी झाडावरचा कापूस सुटून हवेत तरंगत होता. खाली यायची त्याला काही घाई नव्हती.

“एकतीस वर्सं पुकारलं,” बाबा म्हणाले. “वकिलाचं नाव एकदाबी पुकारलं न्हाई.”

“पुकारा पक्षकाराचाच असतो, बाबा.”

“मग वकील कसं येत हुतं?”

“अशिलाचं नाव ऐकून.”

“हां...”

बाबांनी आणखी एक बी काढून बाजूला ठेवली.

“वाचा यादी.”

खासनीसांनी चष्मा लावला. “रघुनाथराव देशिंगकर.”

“चंपा दगडू,” बाबा म्हणाले.

“काय?”

“फुडचं.”

“आदगोंडा पाटील.”

“नूरबी पिंजारी आन् तिची दोन पोरं.”

“शंकरराव हेरवाडकर.”

“मुका भैरू.” बाबा हसले. “त्याला बोलता येत न्हवतं. हेरवाडकर सायेब हातवारं करून इचारायचं. सगळं कोर्ट हसायचं. सायेब न्हाई हसायचं.”

खासनीसांना हळूहळू उमगलं. कोणाच्या पुकाऱ्याला कोणता वकील उठून आला, ते बाबा सांगत होते. समितीच्या टिपणात यातलं एकही नाव नव्हतं. तिथे पदं होती, मोठे निकाल होते, सत्काराच्या तारखा होत्या.

सातव्या नावाला बाबा काहीच बोलले नाहीत.

खासनीस थांबले. कापसाचा एक पुंजका कागदावर येऊन बसला.

“हे आमदार होते, बाबा.”

“असतील...”

“मग?”

“फुडचं.”

दहा नावं झाली. नदीवर ऊन इतकं स्वच्छ पसरलं होतं की पलीकडचा काठ पाण्यावर उचलून धरल्यासारखा दिसत होता. नावाडी नावेतच झोपला होता.

“अकरावं वाचा.”

“ते रिकामं आहे.”

“रिकामं हाय तर वाचा की.”

खासनीसांनी कागदाची घडी घातली आणि पुन्हा उघडली. कोर्टात भल्याभल्यांना घाम फोडणारा माणूस, पण आता त्यांचे कान लाल झाले.

“विनायकराव खासनीस,” ते म्हणाले.

बाबांचा हात खोळीतच राहिला.

“कारखान्याचा खटला आठवत असेल तुम्हाला,” खासनीस घाईघाईने म्हणाले. “जिल्ह्याच्या कामगार कोर्टात मी एकटा उभा होतो. अडीचशे कामगार परत कामावर गेले. पेपरात फोटो आला होता. त्या निकालानंतरच लोक मला ओळखायला लागले.”

“मोठं काम केलंसा.”

“चोवीस वर्षं झाली.”

“वार कुठला?”

“शुक्रवार. असाच चैत्र होता.”

“कापूस उडत हुता,” बाबा म्हणाले.

“असेल... पण तुम्ही तर जिल्ह्याला नव्हता.”

“न्हवतो. म्या हितं, तालुक्याच्या दारात. दोनदा पुकारलं त्या दिशी.”

“कोणाला?”

“बायाक्का सिद्राम तेरदाळे.”

खासनीसांनी नाव मनातल्या मनात म्हणून पाहिलं. कुठेच काही हललं नाही. मग आठवली नाकात चमकी घातलेली एक बाई... पदराला कागद बांधलेले... नवरा गेल्यावर दिराने घराला कुलूप लावलं होतं. स्वतःच्या घरात परत जायला मिळावं, एवढंच तिचं मागणं होतं. आदल्या दिवशी ते तिला म्हणाले होते, ‘काळजी करू नका, मी येतो.’

रात्री जिल्ह्याहून फोन आला होता, कारखान्याचा खटला सकाळीच लागला म्हणून. त्या गडबडीत तिची फाईल दुसऱ्या कोणाकडे द्यायची राहून गेली. मग निकाल, मग हार, मग फोटो... बाई पुन्हा आली नाही आणि त्यांनीही विचारलं नाही.

खासनीसांना लाज वाटली.

“तिच्यातर्फे कोणी हजर नाही म्हणून अर्ज निकाली निघाला असेल.”

“निघाला.”

“तीनदा पुकारूनही...”

“दोनदा.”

“बाबा, तीन पुकारे झाल्याशिवाय अर्ज निकाली निघत नाही. कागदावर तसा शेरा लागतो.”

“कागदावर कारकुनानं तीन लिवलं. म्या दोनच दिलं.”



“का?”

“बाई उंबऱ्यापाशी उभ्या हुत्या. तिसऱ्याला तोंड उघडलं, तर माझा हात धरला. म्हनल्या, वाईच थांबा, दादा... माझं वकील येत्यात.”

“मग?”

“मग थांबलो.”

“म्हणून तुम्ही पट्टा काढला?”

बाबांनी कापसातली आणखी एक बी काढली. तरंगता कापूस त्यांच्या पांढऱ्या दाढीवर येऊन बसला होता, आणि दाढी कुठे संपते नि कापूस कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं.

“आता कुठे असतात त्या?” खासनीसांनी विचारलं.

“बारा वर्सं झाली जाऊन. त्या तिकडं माती दिली.” बाबांनी पलीकडच्या काठाकडे बोट केलं. “त्यांचं घर दिसतंय, त्याच्या खालच्या अंगाला. कुलूप दिरानं कवाच काढलंय. आता त्याची नातवंडं ऱ्हात्यात.”

खासनीसांनी खिशातलं पेन काढलं. अकराव्या जागेवर टेकवलं. मग नुसतं टेकवूनच ठेवलं. शाईचा एक ठिपका पसरत गेला.

“बाबा, काय लिहू मी इथे?”

बाबा उठले. खोळ खाली पडली, कापूस मोकळा झाला. गुडघ्यावर हात देत ते चौथऱ्याच्या पायरीवर गेले, नदीकडे तोंड करून सरळ उभे राहिले. खांद्यावर पट्टा नसलेल्या जागी त्यांनी एकदा हात फिरवला.

मग डावा तळवा कानाशी नेला.

“बायाक्का सिद्राम तेरदाळे... हाजिर होऽऽ!”

इतक्या म्हाताऱ्या छातीतून एवढा आवाज! तो पाण्यावरून गेला, पलीकडच्या घरांना लागला आणि मऊ होऊन परत आला. नावाडी दचकून उठून बसला.

काठावर कोणी हललं नाही.

खासनीस कधी उठले ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. यादी मांडीवरून घसरून कापसात पडली. अंगात काळा कोट नव्हता. त्यांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं, चपला काढल्या आणि बाबांच्या बाजूला पायरीवर येऊन उभे राहिले.

दोनदा आवाज फुटलाच नाही.

“हजर आहे,” ते म्हणाले.

बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. पाण्यापलीकडे नजर लावून, कोणी अगदी उंबऱ्यापाशी उभं असावं अशा हलक्या आवाजात ते बोलले...

“बायाक्का, तुमचं वकील आल्यात.”